वाचकांचे प्रश्न : 'पर्मनंट' म्हणजे नेमके किती दिवस?

केस सरळ करून घेण्याविषयीची पत्रे या वेळी इतकी आली आहेत की बाकीचे सर्व विषय पुढच्या अंकावर ढकलून हा संपूर्ण स्तंभ त्यांनाच द्यावा लागला. पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी घणसोलीला राहते, नोकरी ऐरोलीला आहे, वय २६. माझे केस कमरेपर्यंत लांब, दाट आणि चांगलेच कुरळे आहेत. डिसेंबरमध्ये माझे लग्न आहे. वाशीच्या एका सलूनने मला रिबाँडिंग सुचवले, ठाण्याच्या एका सलूनने केराटिन सुचवले आणि आमच्या सेक्टरमधल्या पार्लरच्या ताई हेअर बोटॉक्स कर म्हणतात. तिघीही 'पर्मनंट होईल' असे सांगतात. यांत खरोखर कायमचे कोणते? माझी आई आठ वर्षांपासून दर महिन्याला लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली मेंदी माझ्या केसांना लावते, त्यामुळे काही अडचण येईल का? आणि लग्नाच्या किती दिवस आधी हे करून घ्यावे?

उत्तर : तिघींनी शब्द एकच वापरला असला, तरी त्या तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत, म्हणून आधी केस कुरळा राहतो कशामुळे ते पाहू. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारच्या दुव्यांनी बांधलेल्या असतात. पहिला प्रकार हायड्रोजनच्या दुव्यांचा. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. न्हाल्यावर ओले केस लांब आणि सरळ लोंबतात व वाळू लागले की वर चढतात, ते यामुळेच. सकाळी घरच्या मशीनने सरळ केलेले केस जुलै महिन्यात घणसोली स्टेशनवर पोहोचेपर्यंत पुन्हा फुगतात त्याचेही कारण हेच आहे, कारण हवेतली वाफ त्या दुव्यांना पुन्हा सोडवते. दुसरा प्रकार गंधकाच्या दुव्यांचा, आणि ते पाण्याला किंवा नुसत्या उष्णतेला दाद देत नाहीत. केसाचा मूळ आकार त्यांनीच धरून ठेवलेला असतो.

रिबाँडिंगमध्ये हे गंधकाचे दुवे तोडले जातात. पहिल्या क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असते. ते अल्कधर्मी असल्यामुळे केसावरचे खवले उघडतात, औषध आत शिरते आणि दुवे सुटतात. मग केस धुऊन, वाळवून, बारीक बटा घेत साधारण १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या मशीनने प्रेस करतात. त्यानंतर न्यूट्रलायझर लावतात, ज्यात मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइड असते, आणि सुटलेले दुवे त्या सरळ अवस्थेतच पुन्हा जोडले जातात. तुमच्याइतक्या केसांना यात पाच-सहा तास सहज जातील. असा सरळ झालेला केस धुतला तरी सरळच राहतो, पावसात भिजला तरी सरळच राहतो, आणि त्या अर्थाने रिबाँडिंग खरोखर कायमचे आहे. मात्र औषध लागते ते टाळूच्या बाहेर आलेल्या केसाला. केस घडवणारे मूळ कातडीच्या आत असते, तिथे ते पोहोचत नाही आणि पोहोचूही नये. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत मुळाशी सात सेंटिमीटर कुरळे केस आणि त्यांच्याखाली सपाट सरळ केस असे दृश्य दिसू लागते. मग रूट टच-अप करावा लागतो. तो फक्त नव्या केसांवर व्हायला हवा, कारण औषध जुन्या सरळ केसांवर पुन्हा चढले की नेमके त्या सांध्यावरच केस तुटतात. कायमचा होतो तो केस. हे काम मात्र दर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा निघते, आणि ते सलूनमध्ये पहिल्या दिवशी क्वचितच कोणी सांगते.

केराटिनचे नाव फसवे आहे. त्या द्रावणात केराटिन असेलही, पण केस सपाट होतो तो त्यामुळे नव्हे. द्रावणातली फॉर्मॅल्डिहाइड सोडणारी द्रव्ये किंवा ग्लायऑक्झिलिक ॲसिड मशीनच्या उष्णतेने केसातल्या प्रथिनाला सरळ अवस्थेत जखडून ठेवतात. हा परिणाम तीन ते पाच महिन्यांत धुण्याबरोबर ओसरतो. हेअर बोटॉक्समध्ये सुरकुत्यांसाठी टोचतात ते बोटॉक्स नसतेच. नाव तेवढे उसने घेतले आहे आणि आत बहुधा कंडिशनर व केराटिनच्याच जातीची द्रव्ये असतात. केराटिन आणि बोटॉक्स दोन्ही तात्पुरतीच म्हणायची. बाटलीवर काय लिहिले आहे ते मात्र वाचावे लागते, त्याबद्दल पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

आता मेंदीकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तीनही ठिकाणी तुम्हाला त्याबद्दल कोणी विचारलेले दिसत नाही. केस वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर वाढतो हे धरले, तर कमरेपर्यंत पोहोचलेल्या तुमच्या केसांची टोके पाच वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेली आहेत आणि त्यांच्यावर मेंदीचे साठ-एक थर बसले आहेत. मुळाजवळच्या केसावर मात्र एखाददुसराच थर असेल. शुद्ध मेंदीचा रंग केसातल्या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो, त्यामुळे औषध कुठे पटकन शिरते तर कुठे अडते, आणि एकाच बटेत मूळ जास्त शिजते व टोक कच्चे राहते. लोखंडी कढईत मेंदी भिजवण्याची आपल्याकडची पद्धत रंग गडद करते, पण तिच्यातून लोहाचे अंश केसावर बसतात. बाजारातल्या 'काळ्या मेंदी'च्या काही पाकिटांत तर धातूंचे क्षारही असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडताच हे धातू वेगाने क्रिया घडवतात, बट गरम होते आणि कधी कधी जागीच मऊ होऊन तुटते. मी स्वतः पार्लर चालवत असताना मेंदीचे केस आले की मानेमागची चार केसांची बट कापून घेत असे आणि थोड्या २० व्हॉल्यूम (म्हणजे साधारण ६ टक्के) पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे काही थेंब टाकून अर्धा तास त्यात बुडवून ठेवत असे. बट तापली, बुडबुडे आले किंवा वास सुटला तर काम नाकारायचे, मग समोरची बाई कितीही नाराज होवो. तुम्हीही ही चाचणी सलूनकडून मागून घ्या. तिला नकार देणाऱ्या सलूनमध्ये रिबाँडिंग करू नये.

लग्नाचा प्रश्न राहिला. तुमच्या जागी मी असते तर लग्नाआधी रिबाँडिंग केले नसते, आणि मेंदी हे त्याचे एकच कारण नाही. ताज्या रिबाँडिंगचा केस इतका गुळगुळीत असतो की त्यात पीन ठरत नाही. अंबाडा सुटतो, गजरा घसरतो आणि मुंडावळ्यांची दोरी मागे सरकत जाते. मग नटवणारी तोच केस उलटा विंचरून फुगवते, भरपूर स्प्रे मारते, आणि आधीच औषध सोसलेला केस पाच तासांत पुन्हा ताणला जातो. कुरळ्या केसांत अंबाडा किती छान बसतो हे लग्नघरात नटवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारून पाहावे. रिबाँडिंगनंतरचे पहिले तीन दिवस केस धुऊ नका, बांधू नका, कानामागेही घेऊ नका, असे सलून सांगतात, आणि हळदीच्या दिवशी न्हाणे तर चुकत नाही. तरीही करायचेच असेल तर मेंदी आजपासून बंद करा आणि चाचणी नीट आली तर लग्नाआधी निदान दोन महिने काम उरकून घ्या, म्हणजे केस थोडा रुळेल आणि काही बिघडलेच तर टोके कापायला वेळ मिळेल. रिसेप्शनला सरळ केस हवे असतील, तर त्या संध्याकाळपुरते ब्लो-ड्राय आणि प्रेसिंग पुरेसे आहे. डिसेंबरची कोरडी हवा तेवढे सांभाळून घेईल.

प्रश्न : मी खारघरला राहते. तीन महिन्यांपूर्वी नेरूळच्या एका सलूनमध्ये स्मूदनिंग (केराटिनसारखे केस सपाट करण्याचे काम) करून घेतले. 'आमचे प्रॉडक्ट ऑरगॅनिक आहे, फॉर्मॅलिन नाही' असे त्यांनी आधी सांगितले होते. मशीन फिरवायला सुरुवात झाली तेव्हा इतका धूर झाला की डोळ्यांतून पाणी थांबेना, घसा जळत होता, आणि काम करणाऱ्या मुलीने स्वतः दोन मास्क घातले होते. टाळूवरही दोन-तीन ठिकाणी चुरचुरले. त्या रात्री मला दोनदा उलट्या झाल्या, पण बाहेरचे खाणे बाधले असे समजून मी दुर्लक्ष केले. आता केस भराभर जात आहेत. सलूनवाले म्हणतात, 'या, एक सिटिंग फुकट करून देतो.' काय करू?

उत्तर : फुकटचे सिटिंग घेऊ नका, एवढे पहिल्याच वाक्यात लिहिते.

ज्या धुराने तुमचे डोळे भरून आले त्याचा वास, महाविद्यालयात जीवशास्त्र शिकलेल्यांना, फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या बेडकाच्या बरणीचे झाकण उघडताना येणाऱ्या वासासारखा वाटला असता. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेले फॉर्मॅल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. बाटलीवर हे नाव नसेल, पण मिथिलीन ग्लायकॉल किंवा मेथॅनल लिहिलेले असेल तर वस्तू तीच. 'फॉर्मॅल्डिहाइडमुक्त' या शिक्क्यावरही विसंबू नये. २०१० साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील कामगार-सुरक्षा विभागाने असा शिक्का असलेल्या एका उत्पादनाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत फॉर्मॅल्डिहाइड भरपूर सापडले होते. 'ऑरगॅनिक' या शब्दाचे म्हणाल, तर रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारा. कार्बन असलेले संयुग या अर्थाने फॉर्मॅल्डिहाइडही ऑरगॅनिकच आहे.

नवी मुंबईतली कितीतरी सलून इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत आहेत. समोर काचेचे दार, आत एसी, मागे खिडकी नाही आणि एक्झॉस्ट पंखा असलाच तर बंद. अशा बंद जागी तापलेल्या मशीनखालून निघालेली वाफ जाणार तरी कुठे? तुम्ही त्यात एक दुपार काढली, पण ती दोन मास्क घातलेली मुलगी रोज आठ-दहा तास तिथेच उभी असते, आणि साधा कापडी मास्क वायूला अडवत नाही.

तुमच्या पत्रातल्या उलट्यांकडे मात्र मी अधिक गांभीर्याने पाहते. फॉर्मॅल्डिहाइडला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्झिलिक ॲसिडबद्दल मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत छापून आली. ट्युनिशियातील या तरुणीने २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली. त्या त्या दिवशी तिला उलट्या, जुलाब, ताप आणि पाठदुखी झाली होती, आणि क्रीम लावताना टाळूची आग होऊन पुढे तिथे जखमा झाल्या होत्या. क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक ॲसिड होते. संशोधकांनी ते क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जमलेले आढळले. इस्रायलमधील डॉक्टरांनीही केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडे बिघडलेल्या २६ रुग्णांची नोंद त्याआधीच प्रसिद्ध केली होती. तुमच्या उलट्या याच कारणाने झाल्या असे पत्रावरून म्हणता येणार नाही, आणि हे प्रकार सर्रास घडतात असेही नाही. तरीही मूत्रपिंडे नीट काम करतात का हे दाखवणारी रक्तातील क्रिएटिनिनची साधी तपासणी कोणत्याही लॅबमध्ये होते, ती करून अहवाल तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि स्मूदनिंगची हकिगत त्यांना आपणहून सांगा, कारण ते आपणहून तसे विचारतील असे नाही. पुढे कधी असे काम करून घेतल्यावर त्याच दिवशी उलट्या, कंबर-पाठ दुखणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही झाले, तर थेट रुग्णालय गाठावे.

केस जात आहेत म्हणजे नेमके काय होत आहे, हे तुम्हाला घरीच पाहता येईल. कंगव्यात आलेले दहा-पंधरा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर केस मुळापासून गळला आहे. ताप, आजारपण, बाळंतपण किंवा मोठा ताण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी असे गळणे सुरू होते आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. गाठ नसेल आणि तुकडे आखूड-लांब असतील तर केस मधेच तुटत आहेत, म्हणजे औषधाने आणि मशीनने कोरडे पडले आहेत. तुटलेला केस तेलाने जोडला जात नाही. फाटे फुटलेली टोके कापा, केस ओढून बांधू नका, मशीन आणि रंग सहा महिने बाजूला ठेवा. टाळूवर जिथे चुरचुरले तिथे खपली किंवा केस नसलेला ठिपका दिसत असेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा.

तक्रारीचे म्हणाल, तर पहिल्यांदा बिल आणि त्या वेळचे फोटो शोधा, आणि सलूनमधून वापरलेल्या उत्पादनाचे नाव लेखी मागा. भारतात विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर घटकांची यादी, बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक असावा लागतो. आयात केलेले असेल तर नोंदणी क्रमांक व आयातदाराचा पत्ता असावा लागतो. असे काहीच नसलेला पाच लिटरचा कॅन किंवा हाताने चिठ्ठी चिकटवलेली बाटली दिसली, तर तिचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवता येतो. पैशांच्या भरपाईसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, अनेक प्रकरणे तिथेच मिटतात. मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सलून नेरूळला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात आणि तुमचे घर खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. यामुळे गोंधळून जाऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीत उन्हाळाभर टँकरचे पाणी येते. या पाण्याने रिबाँडिंग उतरेल का?

उत्तर : उतरणार नाही. गंधकाचे दुवे पाण्याने सुटत नाहीत, हे वर आलेच आहे. टँकर बोअरवेलचे पाणी आणत असेल तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी मिळून चिकट साका करतो आणि तो केसावर बसला की केस निस्तेज व खरखरीत लागतो. लोक त्याला 'रिबाँडिंग गेले' असे म्हणतात. केसांना साबणाची वडी लावणे बंद करा, शांपू वापरा आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या. केराटिन केलेल्यांनी मात्र सल्फेट असलेला शांपू टाळावा, कारण त्याने ते लवकर धुऊन जाते.

प्रश्न : मी पुरुष आहे, वय ३१, राहणार कळवा. केस चार बोटे लांब आणि कुरळे. पुरुषांनी रिबाँडिंग करावे का?

उत्तर : करायला हरकत काहीच नाही, पण हिशेब करून पाहा. दर महिन्याला केस कापत असाल तर पाच-सहा महिन्यांत सरळ केलेला सगळा भाग न्हाव्याच्या दुकानात पडलेला असेल.

प्रश्न : नौपाड्यात राहते. माझी मुलगी दहावीत आहे. तिचे केस माझ्यासारखेच कुरळे. शाळेच्या निरोप समारंभाआधी केस कायमचे सरळ करून द्या म्हणून तिने हट्ट धरला आहे. वर्गातल्या दोघींनी केले म्हणते. रोज सकाळी वेणी घालताना रडारड होते, त्यामुळे मलाही वाटू लागले आहे की एकदाचे करून टाकावे. आपले मत काय?

उत्तर : माझे मत नाही असे आहे, आणि ते तुमच्या मुलीलाही वाचायला द्या. या वयात शरीरातल्या बदलांबरोबर केसांचा पोतही बदलत असतो. आज कुरळे असलेले केस दोन वर्षांनी मऊ होतील किंवा अधिक वळतील, ते कोणालाच आधी कळत नाही. त्यात एकदा सुरुवात केली की अकरावी-बारावीच्या धबडग्यात दर सहा महिन्यांनी पाच तास सलूनच्या खुर्चीत बसणे आले.

सकाळच्या रडारडीवर मात्र उपाय आहे, आणि तो बराचसा तुमच्या हातात आहे. कुरळे केस कोरडे असताना बारीक दातांच्या कंगव्याने वरून खाली विंचरले की गुंता घट्ट होतो, केस तुटतो आणि मूल ओरडते. तिचे केस न्हाताना, कंडिशनर लावलेले असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून सुरुवात करत वर सोडवत जा. खसाखसा टॉवेलने पुसू नका, जुना मऊ पंचा गुंडाळून पाणी टिपू द्या. रात्री सैल वेणी घालून झोपवा. सकाळी थोडे पाणी लावून नुसत्या बोटांनी केस सारखे केले तरी वेणी घालता येते. दोन आठवडे हे करून पाहिले की फरक तिचा तिलाच कळेल.

निरोप समारंभासाठी त्या दिवशी सकाळी एखाद्या चांगल्या पार्लरमध्ये नेऊन फक्त ब्लो-ड्राय करून आणा, त्याला तासभर पुरतो. समारंभाचे फोटो सरळ केसांचे येतील आणि दुसऱ्या दिवशी न्हाली की तिचे केस पहिल्यासारखे होतील. अठरा पूर्ण झाल्यावरही ते तिला नकोसे वाटत असतील, तर तेव्हा तिने स्वतःच मला पत्र लिहावे, आणि मधल्या काळात केसांना काय काय लावले तेही त्यात कळवावे.